रिड्यूस म्हणजे कमी करणे

आईचा उजवा हात कोपरात पुरता वाकत नाही. घास तोंडापर्यंत जात नाही, तळवा वर वळत नाही. कुणी विचारलं तर ती म्हणते, "जिन्यात पडले." तेवढ्यावर लोकांचं समाधान होतं. माझं होत नाही, कारण पडून मोडलेले हात जोडले जातात. आईचा हात तर मोडलाही नव्हता.

आम्ही लालबागला चाळीत राहतो. आई जवळच्या एका मालवणी खानावळीला तांदळाच्या भाकऱ्या करून द्यायची. परातीत भाकरी थापताना तिचं लक्ष बाहेर गॅलरीत असायचं, कोण आलं, कोण गेलं, आणि हात आपले चालत राहायचे. एका सकाळी भाकऱ्यांची टोपली पोचवून परत येताना जिन्यात सांडलेल्या पाण्यावरून तिचा पाय सरकला. सगळा भार उजव्या हातावर आला आणि कोपराचं हाड मागे सरकून वर आलं. बाबांनी तिला टॅक्सीत घातलं आणि परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

मी तेव्हा ऑफिसात होते. लोअर परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांची बिलं तपासायचं आमचं काम. आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, सुटल्याशिवाय मिळत नाही. त्यामुळे पुढचं मी आईबाबांकडून ऐकलेलं आहे, पुन्हा पुन्हा, आणि दरवेळी तितक्याच संतापाने.

डॉक्टर तरुण होता, बाहेरगावचा, मराठी न येणारा. त्याने एक्स-रे उजेडात धरला आणि बाबांना म्हणाला, "एल्बो निकल गया है. अभी रिड्यूस करना पड़ेगा, बेहोश करके. यहाँ साइन कर दो."

बाबांनी विचारलं, "रिड्यूस मतलब?"

"रिड्यूस मतलब रिड्यूस, अंकल. देर मत करो." आणि तो पुढच्या खाटेकडे गेला. त्याच्यामागे रांग होती, मला कळतं ते. पण एक वाक्य जास्त बोलायला किती वेळ लागतो?

बाबांनी सही केली नाही. त्यांनी मोठ्या काकांना फोन लावला.

मोठे काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. ठाकूरद्वारला राहतात. एका कंपनीत इंग्रजी पत्रव्यवहार बघून रिटायर झाले, आणि त्या दिवसापासून आमच्या सगळ्या खानदानाचं इंग्रजी तेच बघतात. कुणाला नोटीस आली, कुणाच्या मुलाचा शाळेचा अर्ज भरायचा, की काकांकडे जायचं. बाबा तर त्यांच्यासमोर आजही खुर्चीवर टेकून बसत नाहीत.

काका आले. बाबांनी शब्द सांगितला. काकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "रिड्यूस म्हणजे कमी करणं. टू मेक लेस."

"कमी म्हणजे? काय कमी करणार दादा?"

"हात. कोपरापासून. उगाच कुणी बेशुद्ध करतं का? सही घेतात ती त्यासाठीच."

आई स्ट्रेचरवर सगळं ऐकत होती. एरवी ती आमच्याशी साधं मराठी बोलते. त्या क्षणी तिच्या तोंडून गावची भाषाच आली. "माका हात काढूचो नाय. माका घराक व्हरा. आत्ताच्या आत्ता व्हरा."

डॉक्टर दहा पावलांवर होता. काकांना इंग्रजी येत होतं. ते त्याच्याजवळ जाऊन विचारू शकले असते. पण अर्थ ठाऊक असलेला माणूस कशाला विचारेल?

त्यांनी तिला तिथून काढलं. कॉटन ग्रीनला एका गोदामामागे एक हाड बसवणारा होता, काकांच्याच ओळखीचा. त्याने तेल लावून हात चोळला, पाल्याचा लेप दिला, बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधला. आई बेशुद्ध पडली ती तिथे, कुणी इंजेक्शन न देता.

संध्याकाळी मी फोन हातात घेतला तर बाबांचे मिस्ड कॉल्स. घरी पोचले तेव्हा आई भिंतीला टेकून बसली होती आणि काका चहा पीत होते. बाबा म्हणाले, "हात वाचवला बघ दादांनी. रिड्यूस करणार होते."

मी दारातच उभी राहिले. रोज माझ्या स्क्रीनवर तो शब्द येतो. रिडक्शन, खांदा. रिडक्शन, मनगट. निखळलेला सांधा ओढून परत जागेवर बसवणे, एवढाच त्याचा अर्थ. कापायचं काही नसतं. घरात तो अर्थ माहीत असलेली मी एकटी, आणि माझा फोन लॉकरमध्ये.

मी सांगितलं. काका हसले. "ते तुमचं अमेरिकन इंग्रजी असेल." मी रात्रीच परत हॉस्पिटलात जाऊया म्हटलं, बाबांनी दादांकडे पाहिलं, आणि आई म्हणाली, आता पुन्हा कुणाला हात लावू देणार नाही. त्या दुखण्यात ती दुसरं काय म्हणणार होती?

कामट्या सुटल्या तेव्हा हात लाकडासारखा झाला होता. दादरच्या एका डॉक्टरबाईंकडे मी तिला जवळजवळ ओढत नेलं. त्यांनी नवा एक्स-रे पाहिला आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "सांधा त्याच दिवशी बसवला असता तर महिन्याभरात भाकऱ्या थापल्या असत्या तुम्ही. आता उघडून बसवावा लागेल. तरी पूर्वीसारखा होणार नाही."

सांधा बसवायचा. आईला, बाबांना, चाळीतल्या कुणालाही कळणारे दोन शब्द.

ऑपरेशन झालं. हात थोडा वाकायला लागला, तेवढाच. खानावळीने दुसरी बाई बघितली. परात आईने शेजारणीला देऊन टाकली, नजरेसमोर नको म्हणून.

त्यानंतरच्या गणपतीत आम्ही काकांकडे गेलो. आरती झाली, काकू तीर्थ देत होत्या. आईने डावा हात पुढे केला. उजव्याचा तळवा वर होतच नाही, तर पाणी राहणार कुठे? काकू भरल्या घरात म्हणाल्या, "अगं, उजवा हात. तीर्थ डाव्या हातात घेतात का?"

काका शेजारीच उभे होते. मग मीच बोलले, सगळ्यांसमोर. "काका, सांगा ना काकूंना उजवा का नाही ते."

आतून काकांनी जाडजूड डिक्शनरी आणली, पान काढलं आणि बोट ठेवलं. "वाच. पहिला अर्थ काय दिलाय?"

पहिला अर्थ कमी करणे हाच होता. काका बरोबर होते. खाली बारीक अक्षरात, अगदी शेवटी, सांध्याचाही अर्थ होता. मी तो मोठ्याने वाचला. कुणी ऐकला असेल असं वाटत नाही, कारण काकूंनी तोवर जेवणाची पानं मांडायला घेतली होती. शब्दाची व्युत्पत्तीही दिली होती तिथे. मूळ लॅटिन, अर्थ परत आणणे. ते मात्र मी मोठ्याने वाचलं नाही.

बाबा म्हणाले, "पुरे गं. सणाच्या दिवशी."

जेवून निघालो. खाली उतरल्यावर आई म्हणाली, "तुजो काका वाईट नाय. त्येका 'माका म्हायत नाय' एवढाच म्हणूक येना नाय."

मला हे मान्य नाही. वाईट असण्यासाठी माणसाला अजून काय करावं लागतं?

आता काकांकडे गणपतीला बाबा एकटे जातात आणि प्रसादाचे मोदक डब्यातून घेऊन येतात. आई डाव्या हाताने खाते, चव कशी झाली तेही सांगते. मी खात नाही.