खुर्च्यांसाठी जाणारे भाऊजी

चादरीची दोन टोकं माझ्या हातात होती, दोन भाऊजींच्या. एक घडी झाली. दुसरीसाठी आम्ही एकमेकांकडे चालत आलो, तेवढ्यात भाऊजींनी आपली टोकं सोडून दिली आणि म्हणाले, "वहिनी, त्या बैठकीला मी येतो. पण मी बोलणार काही नाही. आधीच सांगून ठेवतो."

चादर अर्धी जमिनीवर. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले, पायांत चपला सरकवल्या आणि त्यांचं मन फिरायच्या आत त्यांना घराबाहेर काढलं.

हे माझे धाकटे दीर. सोफे-खुर्च्या दुरुस्त करतात. हात असा, की मोडून पडलेल्या खुर्चीनेही उठून बसावं. पण संध्याकाळ झाली की स्वतः आडवे. "दारू काय, मनात आलं की सोडीन," हे ते नेहमी पिऊनच सांगत. शेवटी जाऊबाई बॅग भरून आपल्या भावाकडे गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "चार लोकांत कबूल करा, मग मला बोलवा. माझ्यापुढे कबूल करून खूप झालं."

दारू सोडणाऱ्यांची बैठक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरते, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पण दारावर पाटी नव्हती. पहिलं दार उघडलं तर आत वजन कमी करणाऱ्यांचा वर्ग! भाऊजी म्हणजे खुंटीला अडकवलेला शर्ट. तिथल्या बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हाला आणखी किती कमी करायचंय?"

"इथेच बसू या वहिनी," भाऊजी कुजबुजले. "इथे काही कबूल करायचं नाही."

मी दंडाला धरून त्यांना शेजारच्या दारात लोटलं.

बैठक चालवणारे गृहस्थ निवृत्त बस कंडक्टर. नोकरी सुटली, आवाज सुटला नाही. "दारात गर्दी नको, पुढे जागा आहे!" पहिल्या दिवशी घरचं माणूस चालतं, म्हणून मीही बसले. तिथलं बोलणं तिथेच ठेवायचं असतं, तेव्हा कुणाचं काही लिहीत नाही. खुर्च्यांबद्दल मात्र मला कुणी शपथ घातलेली नाही. त्या सगळ्या डुगडुगत होत्या.

भाऊजींच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर असतो. लोक एकेक करून आपलं सांगत होते आणि भाऊजी खुर्चीखाली शिरले होते. त्यांची पाळी आली तेव्हा फक्त डोकं बाहेर आलं. "माझं तसं काही नाही. मी खुर्च्यांसाठी आलोय."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण कंडक्टर शांतपणे म्हणाले, "मग पुढच्या खेपेला ती कोपऱ्यातली बघा. फार कुरकुरते."

झालं! भाऊजी दर आठवड्याला हत्यारांची पिशवी घेऊन जायला लागले. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या चालू होत्याच. बैठकीच्या दिवशी ते थेंब घेईनात, का तर पिऊन हत्याराला हात लावायचा नाही. मग आदला दिवसही सुटला. पण विचारलं की उत्तर तेच, "खुर्च्यांची दशा बघवत नाही हो, वहिनी."

मला वेगळाच घोर लागला. सगळ्या खुर्च्या धडधाकट झाल्या की हे जायचे थांबणार. जाऊबाई तिकडेच राहणार. देवापुढे दिवा लावून लोक काय काय मागतात. मी मोडक्या खुर्च्या मागत होते. आणि देवाने ऐकलं! दुरुस्त केलेली खुर्ची पुढच्या आठवड्यात पुन्हा सैल. मग दुसरी. आमचे हे म्हणाले, "तुझा देव सुतारकामात कधीपासून पडला?"

काल भाऊजी बैठकीहून आले ते लालबुंद होऊन. पाणीसुद्धा न घेता मला सांगायला लागले. त्यांनी खुर्ची उलटी केली, तर स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे. कुणीतरी चमच्याच्या दांड्याने तो पिळला होता. त्यांनी भर बैठकीत विचारलं, "कोण आहे तो?"

कंडक्टरांनी खिशातून चमचा काढला. "मीच. तुम्ही खुर्च्यांसाठी येता, म्हणून खुर्च्या सैल ठेवतो."

"अहो, पण स्क्रूचं डोकं खाल्लंत तुम्ही! मला कळणार नाही वाटलं? मी दारुडा आहे, आंधळा नाही!"

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. भाऊजींना आपण काय बोललो ते लोकांच्या तोंडाकडे बघून कळलं. कंडक्टर म्हणाले, "बसा." भाऊजी त्याच सैल खुर्चीवर बसले आणि पहिल्यांदाच उरलेलं सगळं सांगितलं. खुर्ची डुगडुगत होती, पण खिशाकडे हात गेला नाही.

"आता खुर्च्या कोण बघणार?" मी विचारलं.

"मीच. तो माणूस पुन्हा चमचा घालेल, भरवसा नाही."

मग त्यांनी जाऊबाईंना फोन लावला. बराच वेळ नुसतं "हो, हो" चाललं होतं. जाऊबाई बघायला येते म्हणाल्या. राहायचं नंतर ठरवू.

आज आम्ही चादरीची घडी घालायला घेतली, ती पुन्हा अर्धीच राहिली. भाऊजी बसस्टॉपवर गेलेत, जाऊबाईंची बॅग घ्यायला.