साक्रीहून घरचा कॉम्प्युटर उघडताना

सकाळी दहाच्या धुळे गाडीत अमळनेरला चढले तेव्हा माझ्या झोळीत पाण्याची बाटली होती, दोनशे पत्रकं होती आणि मोबाईल होता. त्या मोबाईलमध्ये वाघपाड्याची एस्टी होती.

म्हणजे असं. साक्रीच्याही पुढे, डोंगराच्या कुशीत वाघपाडा आहे. पावसाळ्यात तिथल्या ओढ्यावरची फरशी (बुटका पूल) वाहून गेली आणि गाडी बंद झाली. फरशी दुरुस्त झाली, कापूस वेचून झाला, कांदा लागला, गाडी काही सुरू होईना. अकरावीतल्या सात मुली फाट्यापर्यंत पायी येत होत्या. त्यातल्या संगीताला घरून सांगून झालं होतं की नव्या वेळापत्रकात गाडी नसली तर कॉलेज बंद. वेळापत्रक त्याच दिवशी चार वाजता साक्रीहून धुळ्याला जाणार होतं. त्याआधी दोन कागद पोचायला हवे होते: फरशीवरून जड वाहन जाऊ शकतं असं अभियंत्याचं पत्र आणि ग्रामसभेचा ठराव. मूळ कागद ग्रामसेवकाकडे, आणि ग्रामसेवक प्रशिक्षणाला गेलेले. स्कॅन केलेली प्रत आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर होती आणि तिची नक्कल माझ्या मोबाईलमध्ये. प्रिंट साक्रीतच काढू, अमळनेरपासून कागद कशाला वागवायचे, हा शहाणपणा माझा.

पत्रकं वेगळ्या मोहिमेची होती. आमचा पाच-सहा जणांचा गट आहे, जो विषय डोक्यात जातो त्यावर आम्ही पत्रक काढतो. हे पत्रक फोनवरून गंडवणाऱ्यांवर होतं. मथळा ‘फोनवरचा चोर ओळखा’, खाली सात कलमं. सातही मी लिहिलेली, आणि स्पष्ट सांगते, चांगली लिहिलेली.

गाडीत शेजारी भरताच्या वांग्यांची पाटी मांडीवर घेऊन एक मावशी बसल्या होत्या. मी त्यांना पत्रक दिलं. त्यांनी ते उलटं धरून नीट पाहिलं.

“यामा काय शे?” (यात काय आहे?)

“फोनवर कोणी हे दाबा, ते दाबा म्हणालं तर दाबायचं नाही.”

“मले तं कोनी फोनच करस नही, व माय,” त्या म्हणाल्या आणि पत्रकाची चौकोनी घडी घालून कनवटीला लावली. “पन बरं शे. करी तं दाबाव नही.” (केलाच तर दाबणार नाही.)

ही आमची जनता. अशा माणसांना लुबाडणाऱ्यांना खरं तर चौकात उभं करायला हवं, असं मी मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. कंडक्टरने तिकिटाचे सुटे हातात ठेवले आणि पुढे गेला.

धुळ्याला उतरले तेव्हा थंडी ओसरली होती आणि भूक लागली होती. स्टँडबाहेरच्या खानावळीत शेवभाजी सांगितली. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते: लालभडक तर्री, तिच्यात जाडी तिखट शेव, वर कोथिंबीर. शेव मऊ पडायच्या आत खायची असते. मोबाईल मी पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता, समोरच्या गृहस्थांना वाघपाड्याची हकीकत सांगत होते आणि मला हात हलवल्याशिवाय बोलता येत नाही. “सात मुली” म्हणताना उजवा हात उडाला. मोबाईल आधी डुलला, मग तिरपा झाला आणि शांतपणे तर्रीत गेला.

मालकाने चिमट्याने बाहेर काढला. पुसला, हुंगला.

“ताई, तर्री आमची नामी आहे,” तो म्हणाला, “पण आजवर कोणी फोन बुडवून खाल्ला नव्हता.”

पडदा काळा. बटण दाबलं की कडेने लाल थेंब येई. मालकाने पिशवीभर तांदूळ दिले, त्यात फोन पुरला आणि मी ती पिशवी पोटाशी धरून साक्रीच्या गाडीत बसले. ईमेल उघडायला म्हणाल, तर त्याचा ओटीपी त्याच फोनवर येतो, म्हणजे तोही तांदळात.

तरी सांगते, त्या रस्त्यावर मला हसूच येत होतं. बाहेर कांद्याची हिरवी वावरं, कुसुंब्याला गाडीत चढलेली एक शेळी आणि तिचं तिकीट लागतं का यावर झालेली चर्चा, मग लांब टेकड्यांवर पवनचक्क्या, काही फिरणाऱ्या, काही नुसत्या उभ्या. शेळीच्या मालकाने माझ्या पिशवीकडे बघून विचारलं, “बी-बियाणं का?” मी म्हटलं, “मोबाईल पेरलाय.” तो गंभीरपणे म्हणाला, “पाणी जास्त देऊ नका.”

मला काळजी नव्हती, कारण आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर मी एक सोय करून ठेवली आहे. जगातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून त्याचा नऊ आकडी क्रमांक टाकला की आमच्या पडद्यावर एक चौकट उघडते: अमुक यंत्र आत येऊ पाहतंय, येऊ द्यायचं का. घरातल्याने हिरवं बटण दाबलं की घरचा पडदा जसाच्या तसा समोर. क्रमांक मला तोंडपाठ आहे. आई मावशीकडे जळगावला गेली होती, पण माझे वडील, आबा, घरी होते, आणि दुपारभर ते कॉम्प्युटरवर पत्ते लावतात.

अडीच वाजता साक्रीतल्या त्या कार्यालयात पोचले. कुठलं ते सांगत नाही. टेबलामागचे साहेब भले वाटले, पण कागदाशिवाय पापणी न हलवणारे.

“कागद?”

“घरी आहेत.”

“घर?”

“अमळनेर.”

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “चारला पाकीट बंद करतो. तोवर आणा.”

कार्यालयासमोर झेरॉक्सचं दुकान होतं. दुकान चालवणाऱ्या पन्नाशीच्या लताअक्का. मी त्यांच्या कॉम्प्युटरवर बसले, क्रमांक टाकला आणि त्यांच्या मोबाईलवरून आबांना फोन लावला. आबांचा फोन साधा, बटणांचा.

“आबा, मी बोलतेय. पडद्यावर चौकट आली असेल. हिरवं बटण दाबा, पटकन.”

पलीकडून आबा, “कोन बोली ऱ्हायनं?”

“मी, जयू.”

“हाऊ नंबर कोना शे?”

“साक्रीतल्या झेरॉक्सच्या दुकानाचा. माझा फोन शेवभाजीत पडला.”

“शेवभाजीमा,” आबा म्हणाले. “बरं. आखो काय पडनं?” (आणखी काय पडलं?)

“आबा, घाई आहे, चारच्या आत–”

“घाई शे ना? दोन नंबरले तेच लिखेल शे.” आणि मग त्यांनी चष्मा लावून वाचतात तशा संथ आवाजात शुद्ध मराठीत वाचलं, “‘चोराला नेहमी घाई असते. तुम्ही घाई करू नका.’” फोन बंद.

माझ्या पायाखालची फरशीच गेली. पत्रक मीच कॉम्प्युटरच्या वर भिंतीला चिकटवलं होतं. अनोळखी नंबर, ओळखीचा आवाज, फोन बिघडल्याची कहाणी, घाई, आणि एकच बटण दाबायची विनंती. पत्रकातला चोर म्हणजे मी होते, कलमागणिक.

पुन्हा फोन लावला. आमच्या विकलेल्या म्हशीचं नाव सांगितलं, माझ्या गुडघ्यावरची खूण सांगितली.

“ते बठ्ठं आते फोनमा ऱ्हास,” आबा म्हणाले. (ते सगळं हल्ली फोनमध्ये असतं.) “सहा नंबर. आनि पाच नंबर काय सांगस? ‘आवाज पोटच्या पोरीचा वाटला तरी हिरवं बटण दाबू नका.’ मनी आंडेरनी लिखेल शे. हुशार शे ती.” (माझ्या मुलीने लिहिलंय. हुशार आहे ती.)

फोन बंद. आबांनी आयुष्यात पहिल्यांदा मला हुशार म्हटलं, ते मी चोर असताना.

आबांबद्दल एक सांगायला हवं. तेलाच्या गिरणीत ते फाटकावर हजेरी घ्यायचे. बिल्ला नसला तर आत नाही. एकदा मालकांचे जावई बिल्ल्याशिवाय आले, त्यांना आबांनी उन्हात उभं केलं होतं. गिरणी बंद पडली, पण फाटक आबांच्या डोक्यातून गेलं नाही. आणि अशा माणसाच्या हाती मी सात कलमं दिली होती.

सव्वातीन झाले. मी टेबलावर हात आपटला. “बटण न दाबता उघडेल असा कायमचा पासवर्ड ठेवला असता तर कोणाच्या पाया पडावं लागलं नसतं.”

“मग ठेवला का नाही?” लताअक्कांनी विचारलं.

“तिसऱ्या कलमात नको म्हटलंय.”

“कोणी म्हटलंय?”

“मी.”

अक्कांनी माझ्या हातून फोन घेतला आणि स्वतः लावला. “आबा, मी दुकानवाली बोलते. पोरगी खरंच तुमची असेल हो, फार आगाऊ आहे.”

पलीकडून आबांनी एकच विचारलं, आणि ते मलाही ऐकू आलं. “तुमनं माहेर कोनतं, अक्का?”

अक्का खुर्चीत सरळ बसल्या. “पारोळा.”

“कोना घरनी?”

“वेशीजवळचे दगा नाना. त्यांची नात.”

“मंग भिका तुमना भाऊ. मनासंगे गिरनीमा व्हता. फोन ठेवा.” (मग भिका तुमचा भाऊ. माझ्याबरोबर गिरणीत होता.)

आम्ही फोन ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसलो. मला माझंच सातवं कलम आठवलं: खात्री करायचीच तर आपल्या ओळखीच्या माणसाकडून, आपण स्वतः लावलेल्या नंबरवर. आबा वहीतून भिकाभाऊंचा नंबर काढून पारोळ्याला फोन लावत असणार. बोट ठेवून, एकेक आकडा.

तीन वीसला अक्कांचा फोन वाजला. भिकाभाऊ.

“ताई, तुझ्या दुकानात अमळनेरची एक पोर आहे का?”

अक्कांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आहे. ओढणीवर तर्रीचे डाग आहेत, मांडीवर तांदळाची पिशवी आहे. बडबड करते आणि टेबलावर हात आपटते.”

भिकाभाऊंनी हे जसंच्या तसं अमळनेरला कळवलं. त्यावर आबा काय म्हणाले ते भिकाभाऊंनी नंतर अक्कांना सांगितलं: “टेबलवर हात आपटस? मंग तीच शे.”

तीन पंचवीसला साक्रीतल्या पडद्यावर आमचं घर उघडलं.

आधी दिसले आबांचे अर्धवट लावलेले पत्ते. मी माऊस हलवला, बाण सरकला आणि परत मागे गेला. पुन्हा हलवला, पुन्हा मागे. मग लक्षात आलं, तिकडे आबांचा हातही माऊसवर होता. एक बाण आणि दोघांचे दोन हात. आबांनी मला बाजूला सारून लाल दश्शी उचलली, काळ्या गुलामावर ठेवली, आणि मगच बाण सैल सोडला. मी फोल्डर शोधू लागले, भलतीकडे गेले. बाण आपोआप उजवीकडे वळला आणि ‘वाघपाडा’ लिहिलेल्या फोल्डरभोवती दोन गोल फिरला. हे घे, इथे आहे.

मला इतकं हसू आलं की अक्कांनी पाण्याचा पेला पुढे केला. एवढ्या अंतरावरून आबा माझा हात धरून मला कागद दाखवत होते, आणि मी सकाळपासून समजत होते की कॉम्प्युटर मी चालवते.

प्रिंट निघाली, मी धावले. साहेबांनी पत्र वाचलं, ठराव वाचला, सगळे अंगठे मोजल्यासारखे पाहिले. चारला दहा मिनिटं असताना शिक्का बसला. “सोमवारपासून सकाळची फेरी,” ते म्हणाले. मग माझ्या झोळीकडे बघून, “ते पत्रक कसलं?” मी दिलं. त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवलं.

घरी पोचले तेव्हा आबा जेवून बसले होते. मी म्हटलं, “आबा, आता कायमचा पासवर्ड ठेवून देते. पुढच्या वेळी तुम्हाला त्रास नको.”

“कशाले?” आबा म्हणाले. “मी शे ना घरमा.”

तिसरं कलम मी लिहिलं होतं, पण त्याचं कारण मला त्या दिवशी कळलं. दार कुणी उघडायचं, हे घरातल्या माणसाने ठरवावं. मला उन्हात उभं केलं याचा राग गाडीतच कुठेतरी गळून पडला होता. दोनशेतली उरलेली पत्रकं मी तशीच वाटणार आहे, एक अक्षर न बदलता.

सोमवारी सकाळी माझा फोन वाजला. तो तांदळातून जिवंत निघाला होता, फक्त काळ्या मसाल्याचा वास काही जाईना. नंबर अनोळखी.

“ताई, मी संगीता. कंडक्टरदादांच्या फोनवरून बोलतेय. गाडी आली. आम्ही सातही जणी बसलोय.”

माझ्या तोंडातून निघालं ते असं: “तुझं मामाचं गाव कोणतं?”

पलीकडे मुली खिदळल्या. संगीताने गाव सांगितलं, मामाचं नाव सांगितलं, मामीचंही सांगितलं. मागे घंटी दोनदा वाजली आणि गाडीने वेग घेतला.

आबांनी पत्त्यांवरून मान न उचलता विचारलं, “ऊनी का गाडी?”

“आली म्हणतेय.”

“मामानं नाव इचारं का?” (मामाचं नाव विचारलंस का?)

“विचारलं.”

“मंग ऊनी,” आबा म्हणाले आणि पुढचा पत्ता उचलला.