शर्टाच्या बटणांवरची राळ

आज शेजारणीने धुपाटण्यात राळ टाकली आणि तो वास मला नव्वदच्या दशकात, आखातातल्या हवल्लीत घेऊन गेला.

दर शुक्रवारी यांच्या शर्टाची बटणं चिकट असायची आणि त्यांना राळेचा वास यायचा. देवाला कधी हात न जोडणारा माणूस! "साइटवरचं ग्रीस गं," हे म्हणायचे. मग गाडीत बाईचा लाल टी-शर्ट सापडला.

पुढच्या शुक्रवारी टॅक्सी करून मी यांच्या मागोमाग गेले. कंपनीच्या जिममध्ये हे तोच तंग लाल टी-शर्ट घालून गोलकीपर म्हणून गोलपोस्टसमोर उभे! यांच्या ऑफिसातली इंजिनिअर, डेन्मार्कच्या क्लबात पगारावर हँडबॉल खेळलेली, बायकांना शिकवत होती. टी-शर्ट तिच्या क्लबचा. चेंडू निसटू नये म्हणून सगळ्यांच्या बोटांना राळ. एक चेंडू यांच्या पोटावर आदळला आणि हे खो खो हसत सुटले.

"मला सांगितलं का नाहीत?"

"तू हसली असतीस."

घरी फणसाचा चीक काढतात तशी खोबरेलाने मी त्यांच्या बोटांची राळ काढली. संशय फिटला होता. दुसरी बाई असती, तर भांडून यांना परत आणलं असतं. पण तसं हसू त्यांनी घरी कधी आणलंच नव्हतं, त्याच्यासाठी कुणाशी भांडायचं?