रग्बीवाल्याची मान

२००२ साली सांता क्लारात माझी मान धरली होती, म्हणून फिजिओथेरपीला जायचो. तिथे एक धिप्पाड न्यूझीलंडवाला यायचा. कान चुरगळलेले, आणि कुणाकडे बघायचं तर मान वळायचीच नाही, गडी कमरेपासून सगळा वळायचा. उमेदीची सगळी वर्षं तो रग्बी खेळला होता, पहिल्या फळीत प्रॉप म्हणून. तिथे दोन्ही संघ वाकून, डोकी एकमेकांत अडकवून रेटतात.

मी विचारलं, "सगळ्यात भीती कुणाची वाटायची?"

"समोरच्याची," तो म्हणाला. "आणि भरवसाही त्याच्यावरच. तो मला मागे रेटायचा, पण मी उभा असायचो तो त्याच्याच आधारावर. तो कोसळला की माझी मान मोडलीच."

बोलता बोलता त्याने, समोरच्याची जर्सी धरावी तसा, स्वतःचाच टी-शर्ट मुठीत घट्ट धरला होता.

ऑफिसात तेव्हा लेऑफ चालले होते. आमच्या टीममध्ये एकच जण राहणार होता, मी किंवा समोरच्या क्युबिकलमधला नागपूरचा. महिनाभर आम्ही एकमेकांशी धड बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी पार्टिशनवरून डोकावलो. तो मान चोळत बसला होता.

"यार," मी म्हटलं, "तुझीपण धरलीय?"