आईच्या दंडावरची चकती

आई मंगळवारी गेली. सकाळी वहिनीनं हाक मारली, आई उठली नाही. गावातले डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि सांगितलं. मग मला फोन आला आणि मी पालघरहून दांडीला निघाले.

बोईसरला रिक्षात बसल्यावर कोणाकोणाला कळवायचं राहिलं ते बघायला मी मोबाइल काढला. बोट सवयीनं आईच्या साखरेच्या ॲपवर गेलं. आकडा होता एकशे चार आणि शेजारी आडवा बाण. आडवा बाण म्हणजे साखर स्थिर आहे, काळजीचं कारण नाही. मला बरं वाटलं, रोज वाटायचं तसंच. मग आपण कुठं चाललो आहोत ते आठवलं.

ती चकती मीच आणली होती. आईची साखर झोपेत एकाएकी उतरायची, म्हणून बोईसरच्या डॉक्टरांनी सुचवली. नाण्याएवढी पांढरी चकती दंडाला चिकटवायची. तिचा केसासारखा तंतू कातडीखाली राहतो आणि उशाशी ठेवलेल्या फोनवर साखरेचा आकडा येत राहतो. तिथून तो दादाच्या आणि माझ्या फोनवर यायचा. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. पुस्तकांची देवघेव करतानाही मधूनमधून तो आकडा बघून घ्यायचे. आई त्या चकतीला बटण म्हणायची. मासळी विकताना कोणी बाईनं विचारलं तर सांगायची, "दाबू नको हां, बंद पडेन मी."

दादानं आधी त्या चकतीची खूप चेष्टा केली. आयेला आता रोज चार्जिंगला लावायची काय, असं विचारायचा. पण त्याच सुमाराला त्याच्या बोटीवर फिशफाइंडर बसला. पाण्याखाली मासा कुठं आहे ते पडद्यावर दाखवणारं यंत्र. पूर्वी पाण्याचा रंग आणि वरचे पक्षी बघून तो जाळं टाकायचा. आता पडद्यावर ठिपके आल्याशिवाय टाकत नाही. वर समुद्र कितीही रिकामा दिसू दे, पडद्यावर आहे म्हणजे खाली आहे, असा त्याचा अनुभव आहे. त्यानंतर आईच्या आकड्यालाही तो तितकाच मानू लागला.

मी पोचले तेव्हा अंगणात आळी जमली होती. कोणाचं निधन झालं की आमच्याकडे त्या दिवशी बोटी बाहेर पडत नाहीत, त्यामुळे पुरुषही सगळे घरीच होते. न्हाणीत पाणी तापलं होतं. शेजारची काकी आळीतल्या बायकांना शेवटची आंघोळ घालते. ती पदर खोचून दारात उभी होती, पण दादा कोणाला आईजवळ जाऊ देत नव्हता. तो आईच्या उशाशी बसला होता आणि तिचा फोन त्याच्या हातात होता. एकाला त्यानं टेम्पो आणायला पाठवलं होतं. आईला बोईसरच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं होतं.

काकी म्हणाली, "अरे, डॉक्टर हात लावून बघून गेला. आता तुझ्या मोबाइलला विचारून आंघोळ घालायची काय आमी?"

दादानं तिच्याकडे बघितलंही नाही. त्यानं फोन माझ्यासमोर धरला. "बाय, तू शिकलेली हायेस. हा बघ, अठ्ठ्याण्णव. मेलेल्या माणसाची साखर येते काय?"

मी आईचा हात हातात घेतला. तो थंड होता. फोनमध्ये आकडा होता. मी दोन्हीकडे आळीपाळीनं बघत राहिले. आयुष्यभर पुस्तकांत बसूनही यातल्या कशावर विश्वास ठेवायचा ते मला समजेना. तसं दादा चुकतो आहे हे मला माहीत होतं. तरी टेम्पो यावा असंही मनात येऊन गेलं.

शेवटी मी बोईसरच्या डॉक्टरांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. त्यांनी शांतपणे समजावलं. चकती रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजते. रक्त थांबलं तरी ते पाणी तिथं असतं, त्यातली साखर हळूहळू संपते. तोवर आकडा येत राहील.

"साखर संपते म्हंजे कोण खातं ती?" दादानं विचारलं.

 डॉक्टर म्हणाले की शरीरातल्या पेशी सगळ्या एकदम थांबत नाहीत, काही थोडा वेळ चालू राहतात.

"म्हंजे थोडी हाय अजून."

"थोडं काहीतरी असेल," डॉक्टर म्हणाले. "पण तुमची आई म्हणून नाही."

दादानं मान हलवली. पटलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते कळलं नाही. टेम्पो आला, तो त्यानं परत पाठवला. पण जागचा उठला नाही. थोडी हाय तवर कोणी हात लावायचा नाय, एवढंच म्हणाला. काकी भरतीचं बोलत होती; स्मशान किनाऱ्यालाच आहे, पाणी चढायच्या आत आईला न्यायला हवं होतं. मग तीही पायरीवर टेकली. सगळी आळी थांबली. बाण आता खाली वळला होता. ऐंशीच्या घरात, मग सत्तरच्या. कोणी काही विचारलं की दादा नुसता आकडा सांगायचा.

मग गजर वाजला. साखर फार उतरली की फोन ओरडायचा, तसाच ओरडला. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. तिच्या हातात साखरेचं पाणी होतं आणि चमचा होता. आजवर कितीतरी रात्री तिनं हेच केलं होतं. आईच्या उशाशी येऊन ती वाकली, तिचा चमचा पुढं झाला, आणि ती तशीच थांबली.  दादानं तिच्या हातातून पेला घेतला आणि खाली ठेवला. फोन बंद केला.

काकीनं आईच्या कानातलं आणि बांगड्या उतरवल्या. चकतीपाशी तिचा हात थांबला. हे दागिन्यांत धरायचं की औषधात, तिनं मला विचारलं. 

दादा उठला आणि खोबरेल घेऊन आला. नुसती ओढली असती तरी निघाली असती. पण त्यानं चिकटपट्टीच्या कडेनं तेल सोडलं, ते मुरू दिलं, आणि आई जिवंत असताना चकती बदलायचा तशी, कातडी दुसऱ्या हातानं दाबून धरत, हळूहळू सोडवली. मग बाजूला झाला. "घ्या आता," म्हणाला.

गावातल्या डॉक्टरांनी मृत्यूच्या दाखल्यावर पहाटेची वेळ लिहिली आहे. दादा ती मानत नाही, तो गजराची वेळ धरतो. याच्यावर आम्ही भांडलो नाही, बोललोही नाही. मी दोन्ही वेळा मनात धरून बघते आणि एकही पक्की बसत नाही.

दादा बोटीवर जातो. वहिनी आता रात्री उठत नाही. आई नाही. कधीपासून नाही, ते मला सांगता येत नाही.