कुंपणावरचा सरडगुहिरा

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. एडवणला आमच्या आळीत कुणाची ओळखण्यात चूक झाली, की अजून म्हणतात, "वहिनींचा सरडा झाला." मीही हसत आलो. आता खरं काय ते लिहून ठेवतो.

माझी सगळी नोकरी बोईसरच्या एका कारखान्यात नमुने तपासण्यात झाली. दोन सारख्या दिसणाऱ्या गोष्टींतला फरक विचारायला लोक माझ्याकडेच यायचे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. हे घडलं त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला मेंदीच्या कुंपणावर सरडगुहिरा, म्हणजे रंग बदलणारा शॅमेलिऑन, दाखवला होता. मादी होती, पोट अंड्यांनी तटतटलेलं. "माती उकरायला खाली येईल आता. तुमी कुणाला बोलू नका, भावजी."

साध्या सरड्याच्या वाटेला आमच्याकडे कुणी जात नाही. सरडगुहिऱ्याची फुंकर मात्र विषारी, ही समजूत पक्की. त्यात त्याच रात्री शेजाऱ्याची गाभण शेळी मेली. सकाळी तो आणि त्याचा भाऊ काठ्या घेऊन कुंपणाशी आले. वहिनी आडव्या उभ्या राहिल्या.

"साधा सरडा हाय तो."

शेजारी थबकला. पानांत हिरवं होऊन ते जनावर हलतही नव्हतं. काठी जरा खाली आली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"काका, तुमी सांगा. तुमाला कळतं. हा त्यातला नाय ना?"

वहिनीही माझ्याकडेच बघत होत्या. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर ते परत फिरले असते.

"सरड्याची बोटं सुटी असतात," मी म्हणालो. "याची बघा, चिमट्यासारखी. शेपटीचा वेढा बघा. डोळे वेगवेगळे फिरतात."

फुंकरीत विष नसतं, हेही सांगणार होतो. त्याआधी काठी बसली. दुसरी बसली. अंडी मातीत पसरली.

"काय वहिनी, साधा सरडाबी वळखता येत नाय?" शेजारी म्हणाला. वहिनींनी फावडं आणून सगळं पुरलं.

पुढे त्या वाणगावला लेकीकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. त्याआधी एकदा चिकू घेऊन मी भेटायला गेलो होतो. त्यांनी विचारलं, "मेंदी हाय का अजून?" आहे म्हटलं. पुढचं वाक्य मी गाडीत जुळवून नेलं होतं: वहिनी, तुम्ही बरोबर ओळखलं होतं, खोटं बोललात ते तिला वाचवायला, मला माफ करा. चहा संपवला आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठलो.