एसीची वायर आणि वरच्या कोर्टाचा निकाल

आखातातल्या दार्सैतच्या त्या फ्लॅटचे प्लायवूड मारून चार भाग केले होते. मीटर एकच, चाचाच्या नावावर. चाचा आमचा गाववाला, रत्नागिरीकडचा. सातवीत शाळा सुटलेल्या मला त्यानेच इथे आणलं, वायरिंग शिकवलं, बायकोचा व्हिसाही काढून दिला. प्रत्येक खोलीच्या एसीची वीज तो आपल्या मनाच्या दराने विकायचा. उपकार केलेल्या माणसाला काय विचारणार?

शेजारच्या खोलीत पुण्याचे एक इंजिनियर साहेब राहायचे. एका दुपारी ते मोबाईल नाचवत आले. इथल्या वरच्या कोर्टाचा निकाल आला होता : विजेचा दर सरकारच ठरवणार, परवाना नसलेल्याने मध्ये बसून वीज विकायची नाही.

"खलास! चाचाची दुकानदारी बंद," म्हणत त्यांनी तो निकाल चाचाच्या तोंडावर वाचून दाखवला.

चाचाने शांतपणे ऐकून घेतला. मग मला हाक मारली. "पकड आण रे. कोर्टाचा मान राखायला नको? विकायची नाय ना, मग नाय विकत. दिवा-पंखा फुकट घ्या. एसीच्या वायरी काढ."

"चाचा, माझं पोर दीड महिन्याचं आहे."

"मग कोर्टाला सांग. पहिली तुझीच काढ."

काढली. जून चालू होता, पंखा नुसती आग फिरवायचा. साहेबांनी लांब अल खौदला दुसरं घर बघितलं आणि आठवड्यात गेले.

"निकाल हितंच इसरले वाटतं," चाचा म्हणाला.

पोराच्या मानेवर, काखेत घामोळ्या फुटल्या. रडून रडून आवाज बसला, दूधही घेईना. शेवटी मी चाचाच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्याच्या खोलीतला एसी चालूच होता.

"माझं दार उघडं ठेवतो," तो म्हणाला. "पॅसेजमध्ये झोपव त्याला. हवा काय मी विकत नाय."

पॅसेजमध्ये दिवसभर पुरुषांची ये-जा. बायको तिथे कशी बसणार? तिने पोराला चाचाच्या उंबऱ्याशी चादरीवर ठेवलं आणि स्वतः आमच्या खोलीत पडद्याआड, त्या भट्टीत बसली. चाचाकडे येणारे पोराला ओलांडून आत जायचे.

"चाचा, ईदचा बकरा आत्ताच आणून बांधलास काय?" एकाने विचारलं. सगळे हसले. मीही हसलो.

पोर मात्र मुठी सैल सोडून झोपलं होतं, कितीतरी दिवसांनी. मला खरंच चाचाचे आभार मानावेसे वाटले.

"कुणी पाय तर नाही ना देणार?" पडद्याआडून बायकोने विचारलं.

मी पोराशेजारी भिंतीला टेकून बसलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिलो, "जपून, भाई. जपून."